कारणाचा रकाना

३ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

अनेक आशीर्वाद. तुझं पाकीट परवा पोचलं. मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तोही माझ्याच वळणावर गेलाय, कुरकुरत का होईना काम करतो. पंचावन्न वर्षांच्या सहा फुटी माणसाला टिल्लू म्हणणारी आता मी एकटीच उरले आहे, तेव्हा तो हक्क मी सोडणार नाही. पोरीच्या हाताचं प्लॅस्टर कधी निघणार ते कळव. हुकलेल्या परीक्षेचं तिने फार मनाला लावून घेऊ नये असं आत्याने सांगितलंय म्हणावं. परीक्षा पुढच्या वर्षी पुन्हा येते.

पाकिटातून गाडीच्या विम्याचा फॉर्म निघाला. गाडीचा नंबर, पॉलिसीचा नंबर, वेळ, ठिकाण, सगळं तुझ्या त्या छापल्यासारख्या अक्षरात भरलेलं, आणि 'अपघाताचं कारण' हा एकच रकाना कोरा. त्यावर पिवळी चिठ्ठी चिकटवलेली, "ताई, इथे काय लिहू? तू तर आयुष्यभर हेच वाचत आलीस."

वाचत आले खरं. एकतीस वर्षं विमा कंपनीची सर्वेअर म्हणून लोकांच्या जळलेल्या स्वयंपाकघरांत, तुंबलेल्या न्हाणीघरांत आणि चेपलेल्या गाड्यांभोवती फिरले. नुकसान किती झालं ते मोजायचं आणि कसं झालं ते शोधायचं, हेच माझं काम. एकाने कारणाच्या रकान्यात फक्त 'सासूबाई' एवढाच शब्द लिहिला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, त्या मागच्या सीटवर बसून त्याला रस्ता सांगत होत्या. मी अभिप्राय दिला, कारण पटण्यासारखं आहे. साहेबांनी मला बोलावून झापलं आणि दार लावून घेऊन हसत बसले.

तर फॉर्मचं सांगते. तुझ्या बायकोने फोनवर मला सगळं सांगितलंय. पोरीला परीक्षेला सोडायला तुम्ही तिघं निघालात, निम्मं शहर मागे टाकलंत, आणि तुला वाटलं गॅस चालू राहिला. बायको म्हणाली, मी बंद केलाय. पोरगी म्हणाली, बाबा, तुम्हीच शेगडीचा फोटो काढलाय, बघा. तू फोटोही बघितलास. आणि तरी, वळायला जागा नव्हती तिथे गाडी वळवून दुभाजकावर नेलीस. एवढं सगळं लिहायचं नाही. 'चालकाने चुकीच्या ठिकाणी गाडी वळवली, गाडी दुभाजकावर आदळली' एवढं पुरे. का वळवली ते कोणी विचारत नाही.

आता तू विचारलं नाहीस तरी चार गोष्टी सांगते. निवृत्त झाल्यापासून मी सोसायट्यांमध्ये, शाळांमध्ये जाऊन हेच सांगत असते. मुलांनी मला 'बंदबाई' नाव ठेवलंय, कारण माझं प्रत्येक वाक्य 'बंद करा'वर संपतं. दोन दिवसांसाठी बाहेर जाताना वॉशिंग मशीनचा नळ बंद करत जा. तो पाइप फुटायचा तेव्हा घरात कोणी नसतानाच फुटतो. मी एका घरी गेले तर खालच्या मजल्यावरच्या बाई छत्री उघडून हॉलमध्ये बसल्या होत्या. तेल तापत ठेवलं आणि दाराची बेल वाजली तर आधी गॅस बंद, मग बेल. बेल वाजवणारा अर्धा मिनिट थांबला तर मरत नाही. माळ्यावरचं काढायला खुर्चीवर स्टूल ठेवू नकोस, तुझं वय काय, उंची काय. मोबाइल उशीखाली ठेवून चार्ज करायचा नाही, हे पोरीला माझं नाव सांगून बजाव. भांडून गाडी चालवायला बसू नकोस. मी बघितलेल्या निम्म्या टकरी घरातल्या भांडणानंतर वीस मिनिटांच्या आत झालेल्या आहेत. आणि गाडी मागे घेण्याआधी खाली उतरून तिच्याभोवती एक फेरी मारत जा. बाबा मारायचे तशी. एवढा तेलाचा टँकर चालवायचे, पण फेरी मारल्याशिवाय कधी चावी फिरवली नाही.

अपघात काही वाघासारखा झडप घालून येत नाही रे. तो दोन मिनिटांच्या कामात येतो. 'हे एवढं करते आणि निघते' असं म्हणत माणूस ज्या दोन मिनिटांत काहीतरी करतो ना, त्या दोन मिनिटांवर माझी सगळी नोकरी चालली.

बाकी विशेष नाही. फॉर्मवर सही करायला विसरू नकोस. सगळं भरून सही विसरणारे फार असतात.

तुझी
ताई

१९ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

तुझं पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. उत्तराला उशीर झाला, कारण मध्ये दोन कार्यक्रम होते. ही थाप आहे. कार्यक्रम एकच होता आणि तोही मी रद्द केला.

फॉर्म तू अजून पाठवला नाहीस. मी सांगितलेलं वाक्य तुला पटलं नाही. तू लिहितोस, "गाडी वळवली हे काय झालं ते झालं, कारण नाही. कारण आपली ती इस्त्री आहे, ताई. चौतीस वर्षं झाली, मी तिच्यासाठीच परत फिरतोय." मग पुढे लिहितोस, "तू तीन पानं भरून सूचना दिल्यास. नळ, तेल, स्टूल, मोबाइल सगळं आलं. एक इस्त्री तेवढी आली नाही. मला लागू नये म्हणून तू ती टाळलीस, एवढं कळतं मला. आई बोलली, काका बोलले, बाबा तर न बोलून बोलले. तू मात्र इतक्या वर्षांत एका शब्दाने बोलली नाहीस. तुझ्यामुळे मी तगलो."

हे वाचून मला राग आला. कोणाचा ते विचारू नकोस. पत्र घडी घालून डब्यात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. म्हातारी बाई एका कागदाशी भांडत बसली होती, शेजारणीने बघितलं असतं तर डॉक्टरांना बोलावून घेतलं असतं.

तू विचारतोस, ती हजेरी आपल्या घरात कोणी सुरू केली होती. विसरलास? मीच. मला विमा कंपनीत लागून चार महिने झाले होते, अजून कायम झाले नव्हते, आणि प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं मी घरी येऊन तुमच्यावर चालवत होते. घराबाहेर पडताना आईने दारात उभं राहून एकेक नाव घ्यायचं. गॅस? नळ? हीटर? इस्त्री? आणि जो आत असेल त्याने त्या वस्तूला हात लावून 'बंद' म्हणायचं. नुसतं लांबून बघून चालणार नाही, हात लावायचा, असा माझा नियम. तू मुद्दाम हीटरला नमस्कार करून 'बंद, महाराज' म्हणायचास. बाबा हसायचे. ऑफिसातही मी ही युक्ती सांगितली आणि साहेबांनी सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं. तेव्हा मी हवेतच होते.

त्या दिवसाचं तू सगळं लिहिलंयस, मी काय वेगळं सांगणार. तुझी औषधांच्या कंपनीत मुलाखत होती. तू सकाळी शर्टाला इस्त्री केलीस आणि आठाला निघालास. साडेआठाला आई आणि मी निघालो. बाबा रात्रपाळी करून आतल्या खोलीत झोपले होते. अकराच्या आत टेबल, पडदा, गादी सगळं पेटलं आणि धूर आतल्या खोलीत गेला. खालच्या शिंप्याने दार फोडून बाबांना बाहेर काढलं. तू नोकरी मिळाल्याची बातमी घेऊन जिना चढत होतास आणि जिन्यावरून काळं पाणी खाली येत होतं. आग विझवणाऱ्यांनी सांगितलं, प्लग भिंतीत होता आणि बटण चालू होतं. बाबांच्या छातीत तो धूर कायमचा राहिला. डॉक्टरांनी त्यांना टँकर चालवायला मनाई केली आणि बाबांनी तुझ्याशी बोलणं सोडलं, ते अकरा वर्षांनी गेले तोवर.

हे सगळं आपल्या दोघांनाही पाठ आहे. उगाळून काय मिळणार? फॉर्मची मुदत निघून जाईल. मी सांगितलं तेच लिही आणि पाठवून दे.

एक सांगते, आमच्या धंद्यातलं. खरं लिहिणारा माणूस कारणाच्या रकान्यात अर्धी ओळ लिहितो. खोटं लिहिणारा तपशील देतो. रंग सांगतो, वेळ सांगतो, कोण काय म्हणालं ते सांगतो. मी नुसत्या रकान्याच्या लांबीवरून ओळखायचे आणि माझा अंदाज फारसा चुकायचा नाही. काल ट्रंकेतून एक जुनी कार्बन कॉपी काढून बघितली. त्यातला रकाना सात ओळींचा आहे.

कोणाची कॉपी ते पुन्हा कधी. गुडघा दुखतोय, थांबते.

तुझी
ताई

२७ ऑगस्ट

प्रिय टिल्लू,

तुला आशीर्वाद द्यायची माझी लायकी आहे की नाही ते हे पत्र वाचून झाल्यावर तू ठरव. आधी खुर्चीत बस. गॅस बंद आहे. बायको घरात आहे, ती बघेल.

इस्त्री मी चालू ठेवली होती.

तू नाही. तू बटण बंद केलं होतंस आणि प्लगही काढला होतास. मी स्वतः बघितलं होतं. वायर टेबलाच्या कडेवरून खाली लोंबत होती.

आता सगळं सांगते, आणि यात एक शब्द कमी-जास्त करणार नाही.

तू जाताना दारातून ओरडलास, "ताई, इस्त्री बंद, प्लग काढलाय." मी "बरं" म्हटलं. त्या दिवशी ऑफिसने मला पहिल्यांदाच एकटीला पाहणीला पाठवलं होतं, आणि मी निळं जाकीट काढून ठेवलं होतं. आरशात बघितलं तर डाव्या बाहीला सुरकुती. आईने चपला घातल्या होत्या. मी म्हटलं, आलेच, दोन मिनिटं. टेबल पडद्याआड होतं, तिला दारातून दिसत नव्हतं. प्लग लावला, बटण दाबलं, बाहीवरून इस्त्री फिरवली, ती टाचेवर उभी ठेवली आणि जाकीट अंगात घालत न्हाणीघराच्या आरशाशी केस बांधायला गेले. दातांत पिना होत्या. आईने दारातून हजेरी सुरू केली. गॅसला ती स्वतःच हात लावून आली होती. नळ, मी म्हटलं बंद. हीटर, बंद. इस्त्री? मी पिना दातांत धरूनच 'बंद' म्हटलं. हात लावला नाही. बघितलंही नाही. नियम करणारी मी आणि मोडणारीही मीच.

त्या टेबलाचा एक पाय आखूड होता, आठवतं? तू त्याखाली पुठ्ठा घातला होतास. इस्त्री कशी कलंडली ते मला माहीत नाही. पुढे शंभर जळलेल्या घरांमध्ये मी ते शोधत राहिले.

दुपारी इस्पितळाच्या व्हरांड्यात आई बाकावर बसून म्हणाली, "टिल्लूची इस्त्री." तेव्हा मला बोलता आलं असतं. तोंड उघडलंही होतं. आई माझ्याकडे वळली आणि म्हणाली, तू तर बंद म्हणालीस ना? आणि माझ्या तोंडून निघालं, "तो जाताना बंद केली म्हणाला, म्हणून मी म्हटलं." यातला एकेक शब्द खरा होता बघ. त्यावर काकांनी मला पाणी दिलं आणि तू संध्याकाळी माझ्यासमोर उभा राहून म्हणालास, ताई, प्लग मी काढला होता, तरी माझ्या शब्दावर तू खोटी पडलीस, माफ कर. मी तुझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात मी कुठे लपवू, सांग.

मला वाटलं, बाबा घरी आले की सांगेन. बाबा घरी आले तेव्हा वाटलं, नोकरी कायम झाली की सांगेन. घराचा विमा माझ्याच कंपनीचा होता. जिने सगळ्या ऑफिसला हात लावून बघायला शिकवलं तिनेच घर जाळलं, हे साहेबांना कळलं तर मला हाकलतील अशी भीती होती. क्लेमचा फॉर्म मीच भरला, बाबांच्या वतीने सहीही मीच केली, घरात माझ्याइतकं ते कोणाला कळत होतं? ती सात ओळींची कॉपी त्याचीच आहे. मी लिहिलं, 'विमाधारकाच्या मुलाने निळ्या चौकड्यांच्या शर्टाला सकाळी पावणेआठ वाजता इस्त्री केली, मुलाखतीच्या घाईत बटण बंद करण्यास तो विसरला, तथापि निघताना त्याने आपण बंद केल्याचे सांगितले.' शर्टाच्या चौकड्यासुद्धा लिहिल्या मी. पुढे नोकरीत मुरल्यावर कळलं, घरातलं कोणीही विसरलेलं असलं तरी तो क्लेम मंजूर झालाच असता. कोण विसरलं याने काडीचा फरक पडत नव्हता. मी तुझा बळी दिला तो फुकट.

तू महिनाभर सांगत होतास, मी प्लग काढला होता. प्रत्येकाला सांगत होतास, शिंप्यालासुद्धा. मग आवाज खाली आला. मग म्हणायला लागलास, मला तरी काढल्यासारखं वाटतंय. आणि एक दिवस जेवताना तू ताटात बघत म्हणालास, "विसरलो असेन." माझ्या समोर बसून तू स्वतःवरचा विश्वास गमावलास आणि मी तुला भात वाढला. पुढे मी तुला एका शब्दाने बोलले नाही, त्याचं तू आजवर उपकार म्हणून ओझं बाळगलंस. कोणत्या तोंडाने बोलणार होते मी?

अजून एक आहे. हे सांगितलं नाही तर बाकीचं सांगून उपयोग नाही.

बाबांच्या शेवटच्या महिन्यात मी त्यांच्या उशाशी बसले होते. बोलताना त्यांना दर दोन शब्दांनंतर थांबावं लागायचं. ते म्हणाले, "पोरी, तो प्लग काढला म्हणत होता. काढला असेल का गं?"

अकरा वर्षांनी त्यांना तुझ्यावर विश्वास ठेवावासा वाटत होता, टिल्लू. कोणीतरी हो म्हणावं, एवढीच त्यांची अपेक्षा होती. खोलीत मी सोडून कोणी नव्हतं. आणि मी म्हटलं, "विसरला असेल, बाबा. झोपा आता." त्यांनी भिंतीकडे तोंड केलं. तू पोचलास तेव्हा ते गेले होते.

पहिलं खोटं घाबरून बोलले असं मी स्वतःला समजावलं. याला काय म्हणू? तेव्हा मी चांगली नोकरीत स्थिर होते, साहेब निवृत्त झाले होते, भीती कोणाचीच नव्हती. नुसती सवय झाली होती मला. आईने 'इस्त्री?' विचारलं की न बघता 'बंद' म्हणावं, तशीच. आईही चार वर्षांपूर्वी तेच मनात धरून गेली, आणि तिलाही मी सांगितलं नाही.

आज का सांगते, ते तुझ्या पोरीमुळे. तिने सोमवारी फोन केला. तू आपल्या औषधांच्या दुकानात जाणं सोडलंस, गाडीची चावी बायकोकडे दिलीस, दिवसभर स्वयंपाकघरात शेगडीच्या बटणांवर हात ठेवून बसतोस, घरात इस्त्री तर कधी नव्हतीच, आता मिक्सरही कपाटात गेला, हे सगळं सांगितलं. मी नेहमीसारखं काहीतरी समजुतीचं बोलायला लागले. ती मध्येच म्हणाली, "आत्या, बाबा मला म्हणाले, तू हॉस्टेलवर राहायला जा. मी घर जाळणारा माणूस आहे."

मी फोन ठेवून दिला. तिला वाटलं असेल आत्याला वाईट वाटलं.

मी तुला माफ कर म्हणणार नाही. ते मागणंसुद्धा तुझ्यावर एक काम टाकणं आहे, आणि माझी कामं तू खूप केलीस. फक्त एवढं कर. हे पत्र बायकोला आणि पोरीला मोठ्याने वाचून दाखव. मग तिघं घराबाहेर पडा, मागे वळून न बघता चौकापर्यंत चालत जा आणि परत या. मला ठाऊक आहे, एका पत्राने चौतीस वर्षांची सवय जात नाही. तुझे हात पुन्हा शेगडीकडे धावतील. पण त्या हातांनी कधीच काही पेटवलं नाही. तू एकदाच प्लग काढलास आणि नीट काढलास.

सोबत तुझा फॉर्म परत पाठवतेय. कारणाचा रकाना मीच भरलाय, अर्ध्याच ओळीत, 'चालकाच्या बहिणीने खरं सांगितलं नाही.' कंपनी तो परत पाठवेल, मग तू दुसऱ्या फॉर्मवर गाडी वळवल्याचं लिही आणि दे. हा मात्र घरात ठेव. ती जुनी कॉपीही जोडलीय. त्यातल्या सात ओळी मी खोडल्यात आणि खाली नवी ओळ लिहिलीय. तिची एक प्रत आज माझ्या जुन्या ऑफिसलाही पाठवली. तिथले लोक म्हणतील, बंदबाईला म्हातारचळ लागलाय. म्हणोत.

पत्राच्या शेवटी मी नेहमी 'तुझी' लिहीत आले. आज लिहिलेलं नाही. ती जागा कोरी सोडलीय, तुला वाटलं तर भर, नाही वाटलं तर तशीच राहू दे. त्याऐवजी आपल्या फॉर्मच्या तळाला असतं ते लिहिते. हजारो लोकांकडून त्याखाली सह्या घेतल्या, स्वतः मात्र एकदाच केली आणि तीही खोटी.

वर दिलेली सर्व माहिती खरी आणि पूर्ण आहे. मी स्वतः हात लावून पाहिली आहे.

ताई